जाताना घेतलेली हजेरी

मध्यंतरी साताऱ्यात नातीचा लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन गेलो होतो. दुकानदाराने माझं बोलणं संपायच्या आत लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "अहो, आधी हजेरी घ्या की!"

"कुणाची, काका?"

"त्याचीच. आत कोण कोण आहे ते त्याला विचारा. मग उघडा."

त्याने माझ्याकडे जसं बघितलं, तसं मी एके काळी सुभेदारांकडे बघत असे. मला हसू आलं आणि लगेच ते आटलंही. हे वाक्य सुभेदारांचं. ते वापरायचा मला काही अधिकार नाही, कारण त्यांच्याबद्दल मी एक खोटं बोललो होतो आणि पंधराएक वर्षं ते खोटं खरं म्हणून चालू आहे. आता वयाची सत्तरी आली. जे आहे ते सांगून मोकळं व्हावं म्हणतो.

सुभेदार हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दाही नव्हे. जत तालुक्यातल्या मेंढपाळ घरातले हे गृहस्थ फौजेत सिग्नल दलात होते आणि नाईक म्हणून निवृत्त झाले होते. इस्लामपूरच्या बाजूला आमचा साखर कारखाना. तिथे संगणक विभागात ते कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागले आणि पहिल्याच दिवशी लोकांनी त्यांना बढती देऊन टाकली. "आवं, मी नाईक हुतो," असं ते प्रत्येकाला सांगत. महिनाभराने त्यांनी नाद सोडला.

मी त्या विभागाचा प्रमुख. टायपिंग विभागातून वर चढत आलो होतो. संगणकाबद्दल मला एवढंच नक्की ठाऊक होतं की तो बंद करताना वायर ओढायची नसते. तेव्हा मी सुभेदारांना अरे-तुरे करत असे. आता लिहिताना हात धजत नाही.

आमचा मुख्य संगणक लिनक्सवर चालायचा. युनिक्स घराण्यातला तो. चित्रंबित्रं काही नाहीत, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. सुभेदार सकाळी आठाच्या ठोक्याला दारात चपला काढून आत येत, खुर्चीत न बसता उभ्यानेच कळफलकावर इंग्रजी अक्षरांत 'हजेरी' असं टाइप करत. पडद्यावर यादी उतरे: कुठल्या खाचेत कुठलं कार्ड, नेटवर्कचं कोणतं, पडद्याचं कोणतं, डिस्क किती, मेमरी किती. यंत्र स्वतःच आपल्या पोटात काय काय आहे ते सांगे. या कामाच्या मूळ आज्ञेचं नाव एल-एस-पी-सी-आय की असंच काहीतरी. पण सुभेदारांनी त्या सगळ्या आज्ञांना आपली नावं देऊन ठेवली होती. यंत्र सुरू होताना काय काय घडलं ते सांगणारी आज्ञा म्हणजे 'जबानी'. बाहेरून वायरीने जोडलेल्या वस्तूंची यादी म्हणजे 'पावणं'.

"हे असलं नाव का दिलंस रे?" मी एकदा विचारलं.

"साहेब, मूळ नाव इसारतं. पावणं कोण इसरंल?"

या पावण्यांनी एकदा माझीच पंचाईत केली. सुभेदार यादी मोठ्याने वाचत होते. मध्येच थांबून म्हणाले, "एक पावणा न सांगता आलाय. मोबाइल हाय. कंपनीचं नाव वाचू का?" खोलीत चारजण होते. मी मुकाट्याने उठलो आणि मुख्य संगणकाच्या मागच्या बाजूला चार्जिंगला लावलेला माझा फोन काढून घेतला. "ग्येला पावणा," सुभेदार म्हणाले, "च्या न घेताच."

यादी आली की ती छापायची. मग कालचा कागद आणि आजचा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे, उजेडासमोर. दोन्हीकडची अक्षरं जुळली तर छपाई स्वच्छ दिसे. कुठे काही बदललं असेल तर तेवढीच ओळ गिचमीड व्हायची. दोन याद्यांमधला फरक काढायची आज्ञाही संगणकात असते, हे त्यांना माहीत होतं. "हाय की. पर मशीननंच दिलेल्या हजेरीवर मशीननंच बरूबर म्हनायचं व्हय? कुनीतरी माणसानं बगाय नगं?" काचेवर बोट फिरवत ते पुटपुटत, "ओंदु, एरडु, मूरु..." मोजणी कायम कानडीत. जतकडचा माणूस हिशेबाला बसला की सीमेपलीकडे जातो.

जो हजर होता पण पहिल्या हाकेला ओ दिली नाही, त्याच्यापुढे लाल पेनाने शेरा पडे: 'उशिरा हजर'. हा शेरा बहुतेक वेळा आमच्या यूपीएसला मिळे. दोनदा हजेरी घेतल्याशिवाय तो यादीत दिसायचाच नाही. "लय आळशी गडी हाय," सुभेदार म्हणत, "पर शेवटाला येतोय. न आल्यापरास बरा."

हीच पद्धत ते स्वतःलाही लावत. सकाळी कँटीनमध्ये भेटले आणि "काय सुभेदार, बरं आहे ना?" असं विचारलं की बोटांवर मोजत सांगायचे, "डोळं दोनी हजर. कान हजर. उजवा गुडघा हजर. डावा गुडघा उशिरा हजर."

पेटी मात्र ते उघडत नसत. पेटी म्हणजे संगणकाचं कॅबिनेट. एकदा नेटवर्क बंद पडलं आणि पुण्याहून कंपनीचा इंजिनियर आला. त्याने आल्या आल्या बॅग उघडली आणि नवीन कार्ड बाहेर काढलं. सुभेदार त्याच्या आणि पेटीच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"आदी इचारा."

"कुणाला?"

"त्याला."

इंजिनियर माझ्याकडे बघू लागला. मी हसून खांदे उडवले. तोवर सुभेदारांनी हजेरी घेतली होती. नेटवर्कचं कार्ड आपल्या जागी हजर. मग जबानी घेतली. शेवटच्या ओळींत यंत्र सांगत होतं की पलीकडून कुणी बोलत नाही. "शिपाई हजर हाय," सुभेदार म्हणाले, "वाट तुटलीया." आणि वायरीच्या कडेकडेने चालत ते गोदामाच्या भिंतीपर्यंत गेले. तिथे उंदराने वायर कुरतडली होती. इंजिनियर नवीन कार्ड बॅगेत घालून, चहा पिऊन पुण्याला गेला.

पेटीबद्दलचा हा हट्ट कुठून आला ते त्यांनी मला एकदा सांगितलं. वडील मेंढरं राखायचे. सकाळी मेंढरं जाळीच्या वाड्यातून बाहेर काढताना ते कधी आत शिरत नसत. दारात उभं राहून एकेकीला हाक मारायचे आणि प्रत्येकीच्या तोंडाकडे बघायचे. "आत शिरलं की मेंढरं बिचकत्यात साहेब. एक हिकडं पळतंय, एक तिकडं. मग मोजनार काय, कपाळ? भाईर उभं ऱ्हायाचं. नाव घ्यायचं. जे हाय ते आपून सांगतंय."

मी हे सगळं ऐकून घ्यायचो आणि मनातल्या मनात जळायचो. खरं सांगायचं तर जळतच होतो. काहीही अडलं की लोक माझ्या टेबलावरून पुढे जात आणि सुभेदारांच्या टेबलापाशी थांबत. एकदा एका संचालकांनी हसत हसत विचारलं, "प्रमुख नक्की कोण हो, तुम्ही की ते?" ते विसरून गेले असतील. मी विसरलो नाही.

त्या वर्षीचा गळीत हंगाम सोमवारी सुरू व्हायचा होता. शुक्रवारी संध्याकाळी सुभेदार दोन दिवसांसाठी गावच्या जत्रेला निघाले. रजेवर जाताना ते जादा हजेरी घेत. फौजेत चार्ज देतात तसं. यादी छापली, खाली तारीख, वेळ, सही केली, फाइलला लावली आणि मला म्हणाले, "सगळी जाग्यावर हायत साहेब. सोमवारी येतो."

शनिवारी दुपारी खोलीत मी एकटाच होतो. सोमवारी पूजेनंतर संचालक मंडळ आमच्या खोलीत येणार होतं. पेटीच्या जाळीवर धूळ दिसत होती. मला वाटलं, एवढं तर मला जमेल. नुसतं साफ करायचं. यंत्र बंद केलं, पेटी उघडली, ब्लोअर मारला. आत दोन कार्डं होती, दोन वेगळ्या कंपन्यांची. एकाला यार्डातल्या पहिल्या वजनकाट्याची वायर, दुसऱ्याला दुसऱ्या काट्याची. दोन्ही काढली, फडक्याने पुसली, परत बसवली. वायरी आपापल्या कार्डाला नीट लावल्या. यंत्र सुरू झालं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. कार्डं बसवताना वरचं खाली आणि खालचं वर झालं होतं, हे काही लक्षात आलं नाही. आलं असतं तरी त्याने काय बिघडतं, असंच मी म्हटलं असतं. यंत्र कार्डांना ओळखायचं ते त्यांच्या जागेवरून, हे मला ठाऊक नव्हतं.

सोमवारी पूजा झाली. पहिल्या काट्यावर मानाची बैलगाडी आली, शिंगांना गोंडे, कपाळाला गुलाल. त्याच वेळी दुसऱ्या काट्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चढला. चेअरमनसाहेबांनी नारळ फोडला, टाळ्या झाल्या आणि दोन्हीकडच्या पावत्या बाहेर आल्या. बैलगाडीचं वजन बावीस टन. ट्रॅक्टरचं अडीच टन.

गाडीवान म्हातारा पावती डोळ्यांपाशी नेऊन मोठ्याने वाचू लागला. मग चेअरमनना म्हणाला, "आवं सायेब, माजी बैलं हायत ही. हत्ती न्हवंत!"

"आन माज्या ट्रॉल्यांत काय कापूस भरलाय व्हय रं?" ट्रॅक्टरवाला ओरडला.

सगळं यार्ड हसलं. चेअरमन सोडून.

मी धावत खोलीत आलो. सुभेदारांनी नुकतीच आठची हजेरी छापली होती. माझ्यामागोमाग कारखान्याचे एमडी साहेब आत आले, त्यांच्यामागे दोन संचालक. सुभेदारांनी कोणाकडे पाहिलं नाही. आठची हजेरी आठच्याशीच ताडायची हा त्यांचा रिवाज; शुक्रवार सकाळचा कागद आणि सोमवारचा कागद काचेला लावला. बोट खाली खाली सरकत गेलं आणि थांबलं. लागोपाठच्या दोन ओळी गिचमीड झाल्या होत्या.

"सगळी हजर हायत," ते म्हणाले. "पर दोगांनी जागा बदलल्यात."

मग वळून त्यांनी मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "साहेब, पेटी कुनी उघडली हुती का?"

त्या प्रश्नाला "हो, मी" एवढंच उत्तर होतं. फार तर चेअरमन दोन शब्द बोलले असते. पण दारात संचालक उभे होते, त्यांत ते 'प्रमुख कोण' विचारणारेही होते. मी म्हणालो, "मला काय विचारतोस? शुक्रवारी गावाला जाताना साफसफाई तूच केलीस ना?"

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. म्हणाले, "बरं." आणि यंत्र बंद करून दोन्ही वायरींची अदलाबदल केली. पाच मिनिटांत बैल पुन्हा बैल झाले.

प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण चेअरमन हसं झालेलं विसरायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी एमडी साहेबांनी सुभेदारांची फाइल मागवली. ते स्वतः शिकलेले होते. शुक्रवारी संध्याकाळच्या यादीत कार्डं जागेवर असली तर सुभेदार सुटले, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. फाइल घेऊन त्यांच्या केबिनकडे जाताना जिन्यात मी थांबलो, तो एक कागद काढला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

सुभेदारांना समोर उभं करून एमडींनी पानं चाळली. "शुक्रवारी जाताना हजेरी घेतली नाही तुम्ही?"

"घेतली साहेब."

"कुठंय?"

सुभेदार फाइलकडे बघत राहिले. मग माझ्या खिशाकडे बघितलं का? तेव्हा मला तसं वाटलं होतं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत आलो की नसेल बघितलं.

त्यांना संगणक विभागातून काढून यार्डात गाड्यांना नंबर वाटायला बसवलं. पत्र्याची टपरी, एक रजिस्टर. तिथे त्यांनी सात हंगाम काढले. गाडीवाल्यांनी त्यांचं नाव ठेवलं 'हत्तीवाला'. "ओ हत्तीवाले, आमच्या हत्तींचा नंबर कवा?" ते नंबर देत, बैलांच्या तोंडाकडे बघत, कानडीत मोजत. वाटेत भेटलो की मला नमस्कार करत. मी "काय सुभेदार, बरं आहे ना?" असं विचारायचं बंद केलं होतं. गुडघ्यांची हजेरी ऐकायची हिंमत नव्हती.

कागद माझ्याकडेच राहिला. फाडता आला असता. फाडला नाही, दाखवलाही नाही. साताऱ्याला राहायला आलो तेव्हा तोही आला, विम्याच्या कागदांत.

लॅपटॉपच्या दुकानातून परत आलो त्याच आठवड्यात मी जतची एसटी धरली. सांगलीला गाडी बदलली. पुढे ऊस मागे पडला, हिरवं संपत गेलं आणि ज्वारीची रानं लागली. त्यांच्या गावच्या फाट्यावर उतरलो आणि टपरीवाल्याला सुभेदारांचं खरं नाव सांगून घर विचारलं. त्याने थोडा विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला.

"हत्तीवाल्याचं व्हय? मग तसं म्हना की! ह्यो सरळ जावा, पान्याच्या टाकीपाशी."

ते नाव शंभर किलोमीटर चालत आलं होतं.

सुभेदार अंगणात खुर्चीवर बसले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. "आवं साहेब! सुनबाई, पानी आना. साहेब आल्यात." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "डावा गुडघा आता येतच न्हाई हजेरीला. रजेवरच ग्येला म्हना."

मी पाणी प्यायलो. बोलायचं सगळं एसटीत पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवेना. खिशातून कागद काढून त्यांच्या हातात दिला. घड्यांवर तो फाटायला आला होता. त्यांनी चष्मा लावला आणि तो पहिल्या ओळीपासून वाचला, जणू काहीतरी बदललं असेल. खाली स्वतःची सही बघितली.

"पेटी मी उघडली होती," मी म्हणालो.

"ठावं हाय."

"केव्हापासून?"

"त्याच दिवशी. शनवारी दुपारी मशीन बंद करून चालू झाल्याली नोंद मशीनमदीच हुती की. एक आज्ञा दिली असती तर वेळ सुदिक आली असती पडद्यावर. तवा मी जत्रंत हुतो, ह्ये गावाला ठावं."

"मग दिली का नाहीस... दिली का नाहीत तुम्ही आज्ञा? एमडींसमोर?"

सुभेदारांनी चष्मा काढून हातात धरला. "मशीनला इचारायचं ते मी मशीनला इचारलं. तुमाला इचारायचं ते तुमाला इचारलं. तुमी माजं साहेब. तुमच्याबद्दल मशीनला काय इचारू?"

ते हळूच उठले, आत गेले आणि एक फाइल घेऊन आले. तीच. कारखान्यातून जाताना मागून घेतली होती. कोणी नको म्हणालं नव्हतं. त्यांनी पानं उलटली. शुक्रवार सकाळ आणि सोमवार सकाळ यांच्यामध्ये एक कोरा कागद लावलेला होता. त्यावर त्यांच्या अक्षरात दोन ओळी होत्या, खाली एमडींनी फाइल मागवली त्या दिवसाची तारीख.

'जाताना हजेरी घेतली. कागद साहेबांकडे आहे.'

पंधरा वर्षं ती नोंद तिथे होती. 'साहेबांनी चोरला' असं नव्हतं लिहिलेलं. 'आहे' एवढंच, येईल या बोलीवर.

"सुभेदार, मी हे सगळं लिहून काढतो," मी कसंबसं म्हणालो. "छापायला देतो. लोकांना कळू दे."

"लिवा की. पर हत्तीचं बी लिवा. नाव आता काय निगत न्हाई ते. निदान कशानं पडलं ते तरी कळंल मानसांस्नी." आणि ते चक्क हसले. "त्यो म्हातारा गाडीवान काय बोलला हुता, याद हाय न्हवं? ते गाळू नगासा."

गाळलेलं नाही.

मग त्यांनी माझा कागद घड्या उलगडून मांडीवर सपाट केला, कोऱ्या कागदावर ठेवला आणि फाइलला लावला. सुनेकडून लाल पेन मागवलं. मला वाटलं, सही करायला सांगतील. मी हात पुढे केला. त्यांनी पेन दिलं नाही. स्वतःच कागदाच्या कोपऱ्यात माझं आडनाव लिहिलं, पुढे 'साहेब' लिहिलं आणि त्यापुढे, यूपीएसला लिहायचे त्याच अक्षरात, दोन शब्द:

'उशिरा हजर.'